बटण सोपानानंच दाबायचं

बोरपिंपळ नावाचं एक गाव आहे. प्रत्येक गावाच्या वाट्याला एक भोळा येतोच, तसा बोरपिंपळच्या वाट्याला सोपान गुरव आला होता. काही गावांना दोन-दोन मिळतात, पण त्यातला एक निवडणुकीला उभा राहतो.

सोपान भैरोबाच्या देवळात नगारा वाजवायचा. त्याचा बाप जाताना सांगून गेला होता, "सोपाना, आरती संपेपर्यंत हात थांबवू नको." एकदा आरतीत निरांजनाची ज्योत त्याच्या धोतराला लागली. लोक ओरडायला लागले. सोपाननं आरती संपेपर्यंत वाजवलं, मग धोतर विझवलं. तोवर ते गुडघ्याच्या वर आलं होतं.

असा माणूस. सांगितलेलं एक अक्षर विसरायचा नाही, हीच त्याची अडचण.

तर एके दिवशी देवळात मशीन आलं. गावचे दाजीसाहेब पुण्याला जाऊन मोठे झाले होते, त्यांनी देवाला अर्पण केलं. लोखंडी चौकट, तिच्यात नगारा, नगाऱ्यावर दोन लाकडी हात, बाजूला सात घंटा आणि एक झांजेची जोडी. बटण दाबलं की धडाड्धूम! भोंग्यातून आवाज पार ओढ्यापलीकडं जायचा.

सोपान मशीनसमोर चहाचा कप घेऊन बसला.

"हा चहा पीत नाही?" त्यानं विचारलं.

"नाही," पुजारी म्हणाले.

"तंबाखू?"

"नाही रे."

"मग दमल्यावर काय करतो?"

"दमतच नाही."

"अरेरे," सोपान म्हणाला. त्याला मशीनची फार दया आली. आपलं कामच गेलंय हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते त्याच्या बायकोच्या आलं. वच्छला तडक सरपंचांच्या दारात जाऊन उभी राहिली.

सरपंच होत्या शेवंताक्का. बाई मनानं चांगली. त्या म्हणाल्या, "हे बघ वच्छला, मशीनला बटण दाबायला माणूस लागणारच. ते काम मी सोपानला देते. पण मशीन महागाचं आहे. यात्रेला आठ दिवस आहेत. गावात आता जिकडं तिकडं मशीनच मशीन. तेवढ्या दिवसांत त्यानं मशीनजवळ कसं वागायचं ते शिकावं. नाही जमलं तर मी तालुक्याहून माणूस आणणार."

यात काय आलं ते तुम्हाला कळायचं नाही, म्हणून सांगतो. बोरपिंपळची रीत अशी की यात्रेला नगारा वाजला की पालखी चालायची, नगारा थांबला की पालखी थांबायची. आणि ज्याच्या हातानं नगारा बोलतो, तो पालखीच्या पुढं चालतो. हा मान सात पिढ्या गुरवांच्या घरात होता. बटण गेलं की मान गेला. सोपानला हे समजावून सांगितलं तेव्हा तो तडक आक्कांकडं गेला. तो म्हणाला, "आक्का, मी शिकतो. कुणी सांगेल तसं अगदी तस्सं करतो."

"तेवढंच कर," आक्का म्हणाल्या. बिचारीला काय ठाऊक!

पहिल्या दिवशी सोपान डेअरीत गेला. तिथं शिरपतीअण्णांचं दूध मोजायचं मशीन होतं. काट्यावर काही ठेवलं की ते बाईच्या आवाजात वजन सांगायचं आणि चिठ्ठी काढायचं.

अण्णा म्हणाले, "सोपाना, तू डोकं लावू नको. काट्यावर येईल त्याची चिठ्ठी मालकाच्या हातात द्यायची आणि माल आत घ्यायचा. मी जरा नाष्टा करून येतो."

दहा-बारा किटल्या झाल्या. काम झकास चाललं होतं. मग सारजाआजी आली. कडेवर नातू, हातात किटली, पदर सुटलेला. पदर खोचायला म्हणून तिनं नातू काट्यावर टेकवला.

मशीन म्हणालं, "नऊ किलो दोनशे."

सोपाननं चिठ्ठी फाडली, आजीच्या हातात दिली, आणि नातू उचलून आत नेला.

"अरं, माझं पोरगं!" आजी ओरडली.

"चिठ्ठी घेतली ना आजी? आता माल डेअरीचा."

आजीनं असा गलका केला की अण्णा हातातला वडा टाकून धावत आले. पोरगं आत रिकाम्या कॅनमध्ये बसून साय चाटत होतं. त्याला घरी जायचंच नव्हतं.

"गाढवा!" अण्णा कडाडले. "कुणाचं काय आहे ते आधी विचारावं! आणि ज्याचं असेल त्याला परत द्यावं!"

"असं होय? आता कळलं," सोपान म्हणाला. 'ज्याचं असेल त्याला परत द्यावं' असं घोकत घोकत तो घरी गेला.

"काय शिकलात?" वच्छलानं विचारलं.

"ज्याचं असेल त्याला परत द्यावं."

"देवा, अक्कल आली म्हणायची," वच्छला म्हणाली आणि तिनं भाकरीवर लोणी जास्त घातलं.

दुसऱ्या दिवशी तो पाण्याच्या मशीनवर गेला. पंचायतीनं बसवलेलं. कार्ड लावलं की गाळलेलं पाणी जारमध्ये पडायचं. चंदर ते बघायचा. दमला की पारावर जाऊन पडायचा, आणि तो रोज सकाळीच दमलेला असायचा.

सोपाननं आधी विचारलं, "चंदर, हे पाणी कुणाचं?"

चंदर जांभई देत म्हणाला, "नदीचं. आणखी कुणाचं?"

"ठीक," सोपान म्हणाला.

लोकांनी रांगेत जार लावले, कार्डं लावली, आणि भरेपर्यंत गप्पा मारायला गेले. एक जार भरला की सोपान तो खांद्यावर घ्यायचा, नदीवर जायचा, ओतायचा, रिकामा जार घेऊन यायचा. नदी जवळ होती म्हणून बरं. मशीन नदीतून ओढत होतं, सोपान नदीत ओतत होता. दुपारपर्यंत दोघंही एका लयीत आले होते. मशीन दमलं नाही, आणि खरं सांगतो, सोपानही दमला नाही.

लोक बघतात तर चाळीस जार, सगळे कोरडे!

"अरे पाणी कुठाय?"

"ज्याचं त्याला दिलं," सोपान म्हणाला. "नदीनं काही तक्रार केली नाही."

चंदर पारावरून उठून आला, त्याला आयुष्यात पहिल्यांदा धावावं लागलं. "अरे बैला! मशीनमधून बाहेर आलेलं परत पाठवतात का? बाहेर आलं की वर झाकण दाबायचं, घट्ट! झाकणाशिवाय जाऊ द्यायचं नाही!"

"असं होय? आता कळलं."

'बाहेर आलं की वर झाकण' घोकत घोकत तो घरी गेला. त्या दिवशी भाकरीवर लोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो बायकांच्या बचत गटात गेला. तिथं हौसाबाईंनी अंडी उबवायचं मशीन आणलं होतं. पूर्वी कोंबडी बसायची, आता दिवा बसतो. कोंबड्या मोकळ्या हिंडतात आणि पारावर चंदरशेजारी झोपतात.

हौसाबाई म्हणाल्या, "आज पिल्लं बाहेर यायचीत. नुसतं लक्ष ठेव. मी दाणे आणते."

सोपान लक्ष ठेवून बसला. टक्. एक कवच फुटलं. आतून चोच आली, डोकं आलं, ओलंचिंब पिल्लू बाहेर आलं.

बाहेर आलं! सोपाननं झटकन अर्धं कवच उचललं आणि पिल्लाच्या डोक्यावर दाबून बसवलं.

टक्. दुसरं आलं. झाकण. तिसरं आलं. झाकण. मग टक्टक्टक् अशी झुंबड उडाली. सोपानच्या कपाळावर घाम आला, पण एकालाही त्यानं बोडकं सोडलं नाही.

हौसाबाई परत आल्या तर शंभर पिल्लं पांढऱ्या टोप्या घालून एकमेकांवर आपटत फिरतायत. लग्नाच्या वऱ्हाडात असतात ना, तशी.

हौसाबाईंना आधी हसू आलं, मग राग आला, मग दोन्ही एकदम. "अरे मेल्या! जे बाहेर यायला धडपडतंय त्याला झाकतात होय? दार सताड उघडावं, 'या या या' म्हणावं, दाणे टाकावेत!"

"असं होय? आता कळलं."

'दार उघडावं, या या म्हणावं, दाणे टाकावेत.' जरा लांबलचक होतं, पण घरी जाईपर्यंत त्यानं पाठ केलं.  वच्छलानं ते ऐकून कपाळाला हात लावला.

चौथ्या दिवशी शाळा. शाळेत भिंतीएवढा पडदा आला होता. पडद्यातली बाई पाढे म्हणायची. गुरुजींना तालुक्याला त्या पडद्याचंच प्रशिक्षण होतं. ते जाताना म्हणाले, "सोपाना, बाई शिकवतील. तू फक्त माझ्या जागी उभा राहा."

सोपान उभा राहिला. पडद्यातली बाई म्हणाली, "सत्तावीस एके सत्तावीस." पोरांनी जांभया दिल्या. "सत्तावीस दुणे चोपन्न." एक पोरगं खिडकीकडं सरकलं. "सत्तावीस त्रिक एक्याऐंशी." चार पोरं दाराशी लोंबकळायला लागली.

सोपाननं बघितलं. ही तर बाहेर यायला धडपडतायत! त्यानं दार सताड उघडलं, दुपारच्या खाऊचे हरभरे मूठभर घेतले, अंगणात फेकले आणि ओरडला, "या या या या!"

आता पोरांना दुसऱ्यांदा सांगावं लागतं का? शाळा क्षणात रिकामी. अर्धी पोरं ओढ्यात, अर्धी चिंचेवर, आणि राहिलेली देवळात मशीनचं बटण दाबायला. दिवसभर गावात धडाड्धूम चाललं होतं. पडद्यातली बाई मात्र रिकाम्या बाकांना एकोणतीसपर्यंत घेऊन गेली. बाई कामाची पक्की.

गुरुजी परतले आणि डोकं धरून बसले. "सोपाना, अरे ज्याच्या जागी उभा राहशील, त्याच्यासारखं वागावं! तसूभर कमी नाही, तसूभर जास्त नाही. गुरुजींच्या जागी आहेस तर गुरुजींसारखं वाग!"

"असं होय? आता कळलं."

घोकत घोकत तो घरी गेला. पाचव्या दिवसापासून त्याला कुणी मशीनच्या जवळसुद्धा येऊ देईना. शेवंताक्कांनी तालुक्याच्या माणसाला फोन केला. सात पिढ्यांचा मान गेला म्हणून वच्छला चुलीपुढं बसून रडली. सोपानही रडला. "मी तर सगळं शिकलो गं," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

पण भैरोबाला काळजी! यात्रेच्या सकाळी तालुक्याच्या माणसाचा निरोप आला, मेव्हणीचं लग्न निघालंय, जमत नाही. पुण्याहून दाजीसाहेब फेटा बांधून हजर. पालखी सजलेली. आक्कांनी चारी बाजूंना बघितलं. बटण दाबायला सगळाच गाव तयार होता, पोरांनी तर रांगच लावली होती, आणि तीच भीती होती.

शेवटी आक्का ओरडल्या, "ऐका! बटण सोपानानंच दाबायचं. सोपानानंच बंद करायचं. दुसऱ्या कुणी बोट लावलं तर माझ्याशी गाठ आहे!"

वच्छलाचा चेहरा उजळला. ती पुरणपोळ्या करायला घरी पळाली.

सोपाननं आंघोळ करून, नवं धोतर नेसून बटण दाबलं. धडाड्धूम! भोंगे दणाणले. दाजीसाहेबांनी हौसेनं पालखीला खांदा दिला. पालखी उठली, देवळाच्या पायऱ्या उतरली, वेशीपर्यंत गेली आणि लाईट गेली.

मशीनचे हात वरच्या वर थांबले. पालखी थांबली. दहा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. उन्हानं दाजीसाहेबांचा फेटा कपाळावर उतरला.

बंदही त्यालाच करायचं होतं, म्हणून सोपान देवळात बटणापाशीच बसून राहिला होता. आक्का धावत देवळात आल्या. "सोपाना! मशीन बंद पडलंय. जुना नगारा हातगाड्यावर घे आणि तू मशीनच्या जागी उभा राहा!"

"मशीनच्या जागी?"

"हो रे बाबा, लवकर!"

'ज्याच्या जागी उभा राहशील, त्याच्यासारखं वागावं. तसूभर कमी नाही, तसूभर जास्त नाही.' सोपाननं टिपऱ्या उचलल्या.

आणि काय वाजवला हो त्यानं नगारा! आठ दिवस उपाशी असलेले हात ते. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चौघांनी हातगाडा ढकलला, सोपान पालखीच्या पुढं, सात पिढ्या चालल्या तसा. पालखी गाव फिरून पुन्हा देवळाशी आली. सगळे म्हणाले, "वा सोपाना! बास आता."

सोपान वाजवतच राहिला. नगारा चालू, म्हणजे पालखी चालू. पालखी देवळावरून पुढं निघून गेली.

दुसरी फेरी झाली. आक्का शेजारून धावत होत्या. "सोपाना, बास म्हणते ना!"

"मशीनला ऐकू येत नाही," सोपान समोर बघत म्हणाला.

"मग बोलतोयस कसा?"

"डेअरीचं मशीन बोलतंच की."

"अरे मग थांबायचं कसं?"

"बटण बंद केलं की थांबतं."

"मग कर की बंद!"

"बटण सोपानानंच बंद करायचं. तुमचाच हुकूम आहे आक्का."

"तूच सोपान ना?"

"मी सध्या मशीन आहे," सोपान म्हणाला. "सोपान दिसला की तुमचा निरोप सांगतो."

दाजीसाहेब पालखीखालूनच हात लांब करून त्याचं नाक दाबून बघायला लागले. मग कान. मग सदऱ्याची गुंडी. काही बंद झालं नाही. गुंडी तुटली.

तिसऱ्या फेरीला आक्कांचंच डोकं फिरलं. त्या कंबरेवर हात ठेवून किंचाळल्या, "अरे, कुणीतरी त्या सोपानाला शोधून आणा!"

आणि गंमत बघा, कुणीही हसलं नाही. अण्णांनी डेअरीतले कॅन उघडून बघितले. चंदर नदीकडं गेला. हौसाबाई गल्लीगल्लीत "या या या" ओरडत सुटल्या. गुरुजींनी तर हजेरीच घेतली. सोपान वाजवता वाजवता मान उंच करून प्रत्येक बोळात डोकावत होता. त्यालाही काळजी लागली होती.

पालखी ओढ्यात उतरली तेव्हा वच्छला समोरून आली. तिला हकिगत कळली. आठ वर्षं संसार केलेली बाई ती. ती काठावरूनच ओरडली, "कुणाला शोधताय? सोपान केव्हाच घरी जेवायला बसलाय! पाचवी पुरणपोळी चालू आहे!"

टिपऱ्या हवेतच थांबल्या.

"पाचवी?" सोपान म्हणाला. "मग माझ्या वाट्याला काय राहणार?" त्यानं टिपऱ्या टाकल्या आणि घराकडं धूम ठोकली.

नगारा थांबला. पालखी थांबली. बरोबर ओढ्याच्या मध्यावर, गुडघाभर पाण्यात. दाजीसाहेबांची एक चप्पल नदीकडं निघाली.

घरी येऊन सोपाननं सोपानला शोधलं. माजघरात नव्हता, परसात नव्हता. ताटात पोळ्या होत्या. तो ताटावर बसला, तूप वाढून घेतलं, आणि मग त्याला दिसलं, अरे, सोपान तर इथंच बसलाय! त्याचा जीव भांड्यात पडला.

पाच पोळ्या होतायत तोवर अख्खा गाव दारात. शेवंताक्कांनी हात जोडले. "सोपाना, चुकले मी. देव ओढ्यात उभा आहे. नगारा तुझा, मान तुझा, तुझ्या पोराबाळांचा. तालुक्याचा माणूस नको न् कुणी नको. पण आत्ताच्या आत्ता चल!"

दारामागं उभ्या वच्छलानं पदर डोळ्यांना लावला. सात पिढ्यांचा मान घरी परत आला होता.

सोपान सहाव्या पोळीवर तूप घेत म्हणाला, "वाजवायला मी कशाला? मी बटणवाला. मी मशीन चालू करून देतो, ते घेऊन जा. मी जेवून मागून येतो."

त्यानं बोटानं स्वतःचं नाक दाबलं, ताटावरून उठला आणि चालायला लागला.

ओढ्यात नगारा घुमला. पालखी हलली. सगळ्या गावानं "भैरोबाच्या नावानं चांगभलं" असा गजर केला. पालखी ओढा चढली, वेशीतून आत आली, देवळाच्या पायऱ्यांपाशी पोचली. दाजीसाहेब एका चपलेवर उभे राहून हसत होते. सगळ्यांनी सोपानकडं बघितलं.

धडाड्धूम. धडाड्धूम. पालखी पायऱ्यांवरून पुढं निघाली.

"सोपानाऽऽ!" आक्का रडकुंडीला आल्या. "मान दिला, सगळं दिलं, आता तरी ते बटण बंद कर!"

"सोपान घरी आहे आक्का," सोपान वाजवत वाजवत म्हणाला. "सहावी पोळी नुकतीच ताटात घेतलीय त्यानं. आणि जेवत्या माणसाला उठवू नये."